अर्धी चिंधी : रायफलचं बॅरल साफ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आजचा एपिसोड एका कापडाच्या तुकड्यावर आहे. चार इंच लांब, दोन इंच रुंद, मऊ फ्लॅनेलचा तुकडा. आपण त्याला चिंधी म्हणू. एनसीसीत आणि फौजेत त्यालाच ‘चिंदी’ म्हणतात. रायफलचं बॅरल साफ करायला ती लागते. अशाच एका चिंधीमुळे, खरं तर अर्ध्या चिंधीमुळे, माझ्या हातून एकदा मोठा घोळ होता होता राहिला.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नागपूरजवळ एनसीसीचा कॅम्प होता, जुलै महिना, सकाळपासून पावसाची रिपरिप. दुपारी फायरिंग झालं आणि संध्याकाळी आम्हाला पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरच्या रायफली साफ करायला बसवलं. मला वाटलं, जेवढं घासू तेवढं चांगलं. म्हणून मी चिंधी जरा मोठीच कापली, दुमडून जाड केली आणि दोरीच्या फाशात अडकवून ओढली. मध्येच ती अडली. मी पाय रोवून जोर लावला. दोरी सटकन बाहेर आली, फाशात चिंधी दिसली, मी खूश. वर छान तेलबिल लावून रायफल जमा केली.

दुसऱ्या दिवशी फायरिंगच्या आधी उस्तादांनी (कॅम्पात शिकवणाऱ्या हवालदारांना आम्ही उस्ताद म्हणायचो) नेहमीप्रमाणे एकेक रायफल हातात घेतली, बोल्ट काढला आणि मागच्या बाजूने बॅरलमधून आभाळाकडे पाहिलं. माझ्या रायफलपाशी ते थांबले. पुन्हा पाहिलं. नळीतून उजेडच येत नव्हता. रॉड मागवला, हळूच ढकलला, आणि पुढून माझ्या कालच्या चिंधीचा फाटलेला अर्धा तुकडा बाहेर पडला. बाहेर आलेली चिंधी अर्धीच होती, आणि ते मी बघितलंच नव्हतं.

त्यांनी सगळ्यांसमोर आरडाओरडा केला नाही. मला बाजूला बोलावलं, तो तेलकट तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि एवढंच विचारलं, “कितनी डाली थी? कितनी निकली?”

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या बॅरलमधून गोळी सुटली असती तर पुढे कापडाचा बोळा, मागून प्रचंड दाबाचा वायू. अशा वेळी बॅरल फुगतं, कधीकधी फाटतंही. आणि त्या रायफलला गाल लावून दुसराच कुणी कॅडेट झोपलेला असता. म्हणून आज हे सगळं नीट समजून घेऊ. एनसीसीत असाल, शूटिंग क्लबात जात असाल किंवा घरात शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक असेल, तर थेट कामाचं आहे. नसाल, तरी एक साधी नळी किती नाजूक असते ते कळेल.

नळीच्या आत काय असतं?

रायफलचं बॅरल आतून गुळगुळीत पाइपासारखं नसतं. आत गोल गोल फिरत जाणाऱ्या खाचा असतात. गोळी त्या खाचांमध्ये घट्ट बसून पुढे सरकते, म्हणून स्वतःभोवती फिरायला लागते. भोवरा फिरत असला की उभा राहतो, तशीच फिरणारी गोळी हवेत डगमगत नाही. बहुतेक .२२ रायफलींमध्ये १६ इंचांत खाचांचा एक पूर्ण वेढा होतो. गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर धरा. हिशेब केला तर गोळी सेकंदाला ८०० च्या आसपास फेऱ्या मारत बाहेर पडते.

आता नेमकेपणा बघा. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. करंगळीच्या नखाएवढं. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण करून कांस्यपदक मिळवलं, ते याच अंतरावर. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली होती. या पातळीवर बॅरलमधला एखादा चरा किंवा शिशाचा थर म्हणजे पदक आणि रिकामा हात यांमधला फरक.

बॅरलची सगळ्यात नाजूक जागा कोणती? बहुतेकांना वाटतं, मागची, जिथे स्फोट होतो ती. मागची बाजू महत्त्वाची आहेच, पण नाजूक म्हणाल तर पुढचं टोक. नळीची अगदी शेवटची गोल कडा, तिला क्राउन म्हणतात. गोळीचा बॅरलशी शेवटचा स्पर्श इथे होतो. कडा सगळीकडून सारखी असेल तर मागचा वायू गोळीच्या चारही बाजूंनी एकदम सुटतो. एका बाजूला ओरखडा असेल तर वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला निघता निघता तिरका धक्का बसतो. हे लक्षात ठेवा, कारण साफसफाईचे निम्मे नियम ही कडा वाचवण्यासाठीच आहेत.

घाण एकच नसते

आपण ‘घाण’ म्हणतो, पण आत वेगवेगळ्या गोष्टी बसलेल्या असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

पहिली, जळलेल्या दारूची काजळी. ही सॉल्व्हंटने सुटते. .२२ रायफलमध्ये चेंबरच्या लगेच पुढे तिचं कडक कडं जमतं, तेवढं मात्र चिवट असतं.

दुसरं शिसं. .२२ ची गोळी बहुतेक वेळा नुसत्या शिशाची असते, वर मेणासारखं वंगण. त्याचा पातळ थर खाचांमध्ये बसतो.

तिसरं तांबं. मोठ्या रायफलींच्या गोळ्यांवर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं, त्याचा थर चढतो. त्यासाठी अमोनिया असलेलं वेगळं सॉल्व्हंट मिळतं. चिंधी निळी-हिरवी निघाली की समजायचं, तांबं सुटतंय. साध्या शिशाच्या गोळीच्या .२२ ला याची गरज नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात घातक आणि डोळ्यांना न दिसणारी: ओल आणि क्षार.

यावरून एक मजेदार इतिहास सांगतो. जुन्या .३०३ रायफलीच्या काडतुसात जो प्रायमर असायचा, म्हणजे पिन आपटल्यावर ठिणगी देणारं टोपण, त्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे जवळजवळ आपल्या मिठासारखंच. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच हे मीठ हवेतली ओल ओढतं आणि पोलाद गंजायला लागतं. आणि मीठ तेलात विरघळत नाही! वरून कितीही तेल लावा, खाली गंज सुरूच. म्हणून त्या काळचे सैनिक फायरिंगनंतर बॅरलमध्ये चक्क नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायचे. पाण्याने मीठ धुऊन जायचं, आणि पाणी उकळतं असल्यामुळे तापलेली नळी पटकन सुकायची. मग तेल. गंज टाळायला पाणी! ऐकायला उलटं वाटतं, पण रसायनशास्त्र पक्कं आहे. आजच्या .२२ काडतुसांमध्ये हा प्रायमर नसतो, त्यामुळे तुम्ही किटली घेऊन बसू नका.

त्याहून मागे जाऊ. १८५७ ची ती काडतुसांची चरबी आपण शाळेत वाचली. पण चरबी काडतुसाला लावायचेच कशाला, हे शाळेत कुणी सांगितलं का? १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल पुढच्या तोंडातून भरायची. काळ्या दारूची राख खूप साठते आणि कडक होते. चारदोन गोळ्या झाडल्या की पुढची गोळी आत ढकलणं कठीण. गोळीभोवतीच्या कागदाला वंगण असलं की गोळी सरकते आणि राख मऊ राहते. म्हणजे ती चरबी मुळात बॅरलमधल्या घाणीवरचा उपाय होती. त्या उपायावरून पुढे काय पेटलं ते आपल्याला माहीत आहे.

आता प्रत्यक्ष काम

हे मी बोल्ट काढता येणारी .२२ रायफल डोळ्यांसमोर ठेवून सांगतोय. तुमच्या रायफलच्या पुस्तिकेत किंवा तुमच्या कोचने वेगळं सांगितलं असेल तर ते आधी.

सुरुवात चिंधीपासून नाही, खात्रीपासून. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि शक्य असेल तर करंगळीने चाचपून बघा. काडतुसं त्या टेबलावरच काय, त्या खोलीतही नकोत. “रिकामीच आहे रे” हे वाक्य कुणाचंही असो, खात्री आपण करायची. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा.

रायफल स्टँडवर ठेवा, तोंड किंचित खाली. कारण सॉल्व्हंट मागे वाहून ट्रिगरमध्ये आणि लाकडात शिरायला नको.

रॉड सलग एकसंध असलेला बरा. तुकडे जोडून केलेल्या रॉडच्या सांध्यांच्या कडा आतून ओरखडे काढू शकतात. रॉड नेहमी मागून पुढे, गोळी जाते त्याच दिशेने. मागे बोअर गाइड नावाची छोटी नळी बसवली की रॉड मधोमध राहतो, बाजूंना घासत नाही.

पहिली चिंधी सॉल्व्हंटने ओली करून सावकाश आरपार ढकला. पुढे बाहेर आली की तिथेच काढून घ्या. घाणेरडी चिंधी परत आत ओढायची नाही, नाहीतर काढलेली घाण आपणच परत आत नेतो. रॉड मागे घेताना त्याचं टोक क्राउनला आपटू देऊ नका. दर फेरीनंतर रॉड पुसा, कारण त्याला चिकटलेला धुळीचा कण सँडपेपरचं काम करतो.

सॉल्व्हंटला बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ द्या. इथे घाई नडते. हाताच्या जोरापेक्षा वेळ जास्त घाण सोडवतो.

मग गरज असेल तरच ब्रश, ब्राँझचा किंवा नायलॉनचा. चारदोन फेऱ्या पुरतात. ब्रश नळीच्या मध्येच उलटा फिरवायचा नाही, पूर्ण बाहेर काढूनच परत घ्यायचा. स्टीलचा ब्रश बॅरलजवळ आणूच नका.

त्यानंतर कोरड्या चिंध्या, एकामागून एक. इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा होतो. प्रत्येक चिंधी म्हणजे एक लॉग आहे, वाचा तिला. काळी आली, काजळी बाकी आहे. राखाडी चकचकीत कण दिसले, शिसं आहे. तांबूस डाग, गंज सुरू झालाय. एकाच ठिकाणी चिंधी अडतेय, तिथे काहीतरी आहे, जोर लावू नका, थांबा आणि कुणा जाणकाराला दाखवा. चिंधी जवळजवळ स्वच्छ यायला लागली की आपणही थांबायचं. चकाकी आणायच्या नादात घासत राहणारे लोक बॅरलची कडा झिजवतात. बॅरलच्या आतून तोंड दिसायला पाहिजे असा काही नियम नाही.

रायफल ठेवून द्यायची असेल तर एका चिंधीला दोन थेंब बंदुकीचं तेल लावून फिरवा. थर इतका पातळ की बोटाला जेमतेम जाणवेल. आणि पुढच्या फायरिंगच्या आधी कोरडी चिंधी मारून ते तेल काढाच. तेल राहिलं तर पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात.

एक गोष्ट नवख्यांना चकवते. स्वच्छ कोरड्या .२२ बॅरलमधून पहिल्या काही गोळ्या पसरतात. गोळीवरच्या वंगणाचा थर नळीत पुन्हा बसला की ग्रुप जमतो. म्हणून मॅचच्या अगदी आधी बॅरल लख्ख करून थेट मॅचच्या गोळ्या सुरू करू नका, आधी सरावाच्या झाडा.

आणि शेवटी हात. शिसं विषारी आहे, बोटांवर ते दिसत नाही. काम हवेशीर जागी करा, हातमोजे घाला, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय तर्री पोह्यांच्या प्लेटला हात लावू नका.

दोरीची गोष्ट

एनसीसीत रॉडच्या जागी बऱ्याचदा दोरी असते. पुल-थ्रू तिचं नाव, उच्चार मात्र सगळ्यांचा ‘फुलथ्रू’. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फासे. जुन्या ली-एनफिल्डच्या दस्त्यात पितळी झाकणाखाली हीच दोरी आणि तेलाची छोटी बाटली ठेवलेली असायची. खंदकात बसलेल्या सैनिकाला लांब रॉड कुठून आणणार?

दोरी मऊ, मग ती पोलादाला काय करणार? विदर्भात जुन्या विहिरी बघितल्या असतील. काठाच्या दगडावर दोराने पडलेल्या खोल खाचा असतात. दगडावर दोर, तोही सुताचा, पण रोज त्याच जागी, धुळीसकट. बॅरलच्या तोंडाशीही तेच होतं. दोरी तिरकी ओढली की ती क्राउनच्या एकाच बाजूला घासते, आणि वर्षानुवर्षांनी तिथे खाच पडते. म्हणून दोरी नळीच्या सरळ रेषेत, एका दमात, मध्ये न थांबता ओढायची. चिंधी मापातच कापायची. घट्ट बसायला हवी, पण दोन्ही हातांनी कुस्ती खेळावी लागली तर ती मोठी आहे. हे मी शिकलो, कसं ते तुम्हाला माहीतच आहे.

एअर रायफलवाल्यांसाठी

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी १० मीटरची एअर रायफलच हातात घेतली असेल. तिथे दारू नाही, काजळी नाही, त्यामुळे सफाईही कमी. छर्ऱ्याच्या आकाराच्या फेल्टच्या गोळ्या मिळतात, त्या आरपार गेल्या की बहुतेक काम होतं. सॉल्व्हंट आणि तेल इथे जपून. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये दाबकक्षात तेल गेलं की हवा एकदम दाबली जाताना तापते आणि तेल पेटतं, डिझेल इंजिनसारखं. सील खराब होते, छर्रा भलत्या वेगाने सुटतो.

नागपूरची हवा आणि कूलर

आपल्याकडे लोक म्हणतात, मे महिन्यात एवढी कोरडी हवा, गंज कुठून येणार? बरोबर आहे, पण घरात कूलर असतो! डेझर्ट कूलर खोली थंड करतो तो हवेत पाणी सोडूनच. ज्या खोलीत रात्रभर कूलर चालतो, तिथली हवा मे महिन्यातही ओलसर असते. परवान्याची बंदूक त्या खोलीतल्या कपाटात असेल तर गंजायला पावसाळ्याची वाट बघत नाही.

दुसरी चूक, कव्हर. फोमचं किंवा चामड्याचं कव्हर ओल धरून ठेवतं. ने-आण करायला ते ठीक, ठेवायला नाही. कुलूपबंद कपाटात, कव्हराबाहेर, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, त्याही वेळोवेळी बदललेल्या. घामेजल्या हाताने बॅरल धरलं तर बाहेरूनही पुसून घ्या, कारण घामात मीठ असतंच. खोबरेल वगैरे घरातली तेलं नकोत, ती कालांतराने चिकट होतात. रॉकेलने घाण सुटते, पण ते उडून जातं आणि मागे संरक्षण काही राहत नाही. जून ते सप्टेंबर मात्र बंदूक वापरली नसली तरी मधूनमधून काढून एक चिंधी मारून बघा.

सफाई परवानाधारकाने स्वतः करावी, पण दुरुस्ती नाही. क्राउनला ओरखडा दिसला, नळी फुगल्यासारखी वाटली, आत चिंधी अडकली आणि रॉडने सहज निघत नाही, तर तिथे थांबा. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्यात शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. क्लबची रायफल असेल तर लगेच सांगा. लपवू नका. ओरडा खाल्लेला परवडतो.

मग किती वेळा साफ करायचं?

सगळ्यांसाठी एकच आकडा नाही. बॅरल, काडतूस, हवा, सगळं बदलतं. यावर चांगला उपाय म्हणजे वही. तारीख, किती गोळ्या झाडल्या, किती चिंध्या लागल्या, शेवटची कशी निघाली, पुढच्या वेळी किती गोळ्यांनंतर ग्रुप जमला. चारपाच वेळा लिहिलं की तुमच्या रायफलचा स्वभाव कळतो. नवीन माणसाच्या हाती ती गेली तर त्यालाही कळतो.

माझ्या वहीत त्यात एक रकाना जास्तीचा आहे. ‘आत किती, बाहेर किती.’ साफसफाई सुरू करायच्या आधी मी चिंध्या मोजून ठेवतो आणि संपल्यावर वापरलेल्या टेबलावर एका ओळीत मांडतो. प्रत्येक पूर्ण आहे का, कोपरे चारही आहेत का बघतो. मग बोल्ट बसवण्याआधी मागून बॅरलमध्ये डोळा लावतो, पुढे खिडकीचा उजेड. खाचांचं ते चमकतं वेटोळं शेवटपर्यंत दिसलं, की काम झालं.

त्या कॅम्पात फायरिंगच्या यादीत त्या दिवशी माझं नाव नव्हतं. मी दिवसभर उस्तादांच्या बाजूला उभं राहून प्रत्येक रायफलमधून आभाळ बघत होतो. त्यांनी तसं सांगितलं होतं. संध्याकाळी त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी आम्हा सगळ्यांना. माझ्या पुढ्यात सहा चिंध्या मांडलेल्या होत्या. “छह डाली, छह निकली, उस्ताद,” मी म्हटलं. त्यांनी एकेक उचलून चारही कोपरे तपासले, आणि रायफल जमा करून घेतली.

चला, आज इथेच थांबू. पुढच्या वेळी चिंदी मारायला बसाल तेव्हा आधी मोजा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!